पंचायतीचा पैसा, आपला हिशेब आणि कोर्टाची पायरी



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै इंजिनं बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि माणसं शेडमध्ये जाळी सांधत बसलेली. हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं. ह्या वर्षी कुठलीही गप्पा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते: मार्केटच्या मागचं गटार आणि मासळी सुकवायचा ओटा. पैसा आला म्हणतात, काम दिसत नाही. मग कोणी तरी म्हणतो, "चला, सरळ हायकोर्टात जाऊया." लगेच दुसरा म्हणतो, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." दोघेही आपलेच, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आज दर आणि डिझेलचा विषय बाजूला ठेवून ह्यावर जरा सविस्तर लिहितो आहोत.

आम्ही वकील नाही. वकिलांकडे बसून, निकाल समजून घेऊन आणि स्वतः ठेच खाऊन जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आपण कोण विचारणारे? पंचायत निवडून आलेली, सरपंच निवडून आलेला, पैसा सरकारचा. आपलं त्यात काय गेलं?

ह्याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावरच्या एका गावाने दिलेलं आहे. उडुपीच्या नगरपालिकेने राहत्या वस्तीत सिनेमागृहाला परवानगी दिली. नगररचनेच्या योजनेत ते बसत नव्हतं. तिथल्या एका रहिवाशाने, के. रामदास शेणॉय यांनी, ते आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७४ साली निकाल लागला. कोर्टाने सांगितलं, की नगरपालिका लोकांच्या हितासाठी आहे. ती आपल्या अधिकाराबाहेर जाऊन वागली तर तिथे राहणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. आणि बांधकामावर पैसे ओतून झाले म्हणून बेकायदा परवानगी कायदेशीर होत नाही. हा खटला पैशाच्या अपहाराचा नव्हता, परवानगीचा होता. पण "तू कोण विचारणारा" ह्या वाक्याला तो चांगलं उत्तर आहे. घरपट्टी भरता ना? मार्केटमध्ये बसणाऱ्या बायका सोपो देतात ना? मग तुम्ही विचारणारे.

दुसरा निकाल रतलामचा. रतलाम आपल्यापासून लांब, इंदूरच्या बाजूला, समुद्राचा वाससुद्धा नाही. तरी आपल्या गटाराची गोष्ट सांगायची तर रतलामला जावंच लागतं. तिथल्या एका वॉर्डात उघडी गटारं, शौचालयं नाहीत म्हणून लोक रस्त्यावर बसणारे, वर दारूच्या कारखान्याचं घाण पाणी. वर्षानुवर्षं तक्रारी करून थकलेले रहिवासी शेवटी मॅजिस्ट्रेटकडे गेले, सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या कलमाखाली. ते तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. आज ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. मॅजिस्ट्रेटने आदेश दिला, सेशन्स कोर्टाने तो फिरवला, हायकोर्टाने पुन्हा कायम केला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली.

नगरपालिकेचं म्हणणं काय होतं माहीत आहे? एक, हे लोक ही जागा कशी आहे ते बघूनच इथे राहायला आले. दोन, आमच्याकडे पैसा नाही. ही दोन्ही वाक्यं आम्ही आमच्या ग्रामसभेत ऐकलेली आहेत, जवळजवळ शब्दशः. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी ती दोन्ही फेटाळली. तिजोरीत खडखडाट आहे म्हणून कायद्याने अंगावर टाकलेलं काम टळत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण त्या निकालातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कोट्यवधीची मोठी योजना मांडून "परवडत नाही" म्हणणं सोपं असतं. कोर्टाने सुमारे सहा लाखांत बसणारी, झेपेल अशी योजना समोर ठेवली, काम कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं त्याची मुदत घातली, आणि आदेश पाळला नाही तर अधिकाऱ्यांवर कारवाई होऊ शकते हेही बजावलं. म्हणजे लोकांनी कोर्टाला "न्याय द्या" एवढंच म्हटलं नाही. अमुक गटार, अमुक शौचालयं, अमुक रस्ता, असं दाखवता येणारं मागणं होतं. म्हणून आदेशही दाखवता येण्यासारखा निघाला.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे. पैसा गेला असा संशय आहे, तर कोर्ट काय बघतं?

इथे बहुतेकांची गल्लत होते, आमचीही झाली होती. पैसा खाणं वेगळं, एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वळवणं वेगळं, आणि पैसा मूर्खासारखा खर्च करणं तिसरंच. गावात पाणी नाही आणि पंचायतीने प्रवेशद्वारावर कमान बांधली, तर आपल्याला राग येतो. पण कमान बांधायचा ठराव नियमाने झाला असेल, टेंडर नीट निघालं असेल, तर कोर्ट बहुतेक वेळा म्हणेल की हा निवडून आलेल्यांचा निर्णय, पुढच्या निवडणुकीत बघून घ्या. १९९४ सालचा टाटा सेल्युलरचा निकाल टेंडरच्या प्रत्येक खटल्यात येतो. आपल्या खिशातला मोबाइल भारतात येत होता तेव्हा चार महानगरांच्या परवान्यांवरून तो वाद झाला होता. त्यात कोर्टाने सांगितलं, की आम्ही निर्णयाचं अपील ऐकत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतो. कायदा मोडला का, मनमानी झाली का, पक्षपात झाला का, ठरलेली पद्धत सोडली का, हे बघतो.

म्हणून "हे काम फालतू आहे" असा मुद्दा घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. "हे काम न होता बिल निघालं" किंवा "ज्या निधीतून हे करायला परवानगीच नाही त्यातून हे केलं" असा मुद्दा असेल तर कोर्ट कान देईल.

निधीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १५व्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना जो पैसा आला, त्यात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेली होती. उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे मोकळी, पण तीही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायची नाही. तेव्हा कुठलंही काम बघताना पहिलं विचारायचं, पैसा कुठल्या डोक्याखाली आला? गटार बांधलेल्या पैशातून होऊ शकतं, कमान होऊ शकत नाही. ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल फोनवर उघडतं. त्यात पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. आमच्या पोरांनी दहा मिनिटांत काढून दाखवलं.

आता आमची ठेच. मागच्या वर्षी मार्केटमागच्या गटारावरून गावात भडका उडाला. फलकावर ६० मीटर लिहिलेलं. आमच्यातल्या दोघांनी टेप लावली, भरलं ३८. झालं! संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर सरपंचांनी २२ मीटर गटार खाल्लं असा मेसेज फिरला. मीटर खाणारा सरपंच, वर हसण्याच्या चित्रांची रांग. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला.

मग माहिती हक्काचा अर्ज टाकला. दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. पहिला अर्ज आम्ही चुकीचा लिहिला. "गटार कमी का बांधलं? जबाबदार कोण?" असं विचारलं. उत्तर आलं, अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. बरोबरच आहे. माहितीचा अर्ज म्हणजे जाब नव्हे. कागद असेल तो मिळतो, स्पष्टीकरण लिहून द्यायला अधिकारी बांधील नाही. दुसऱ्या वेळी नीट मागितलं: मंजूर अंदाजपत्रक, पंचायतीचा ठराव, टेंडरची जाहिरात आणि आलेल्या बोली, वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकची पानं, प्रत्येक बिल आणि ते दिल्याची तारीख, कामपूर्तीचा दाखला, त्याला जोडलेले फोटो. शिवाय कामाची प्रत्यक्ष पाहणी. होय, माहिती हक्क कायद्याप्रमाणे सार्वजनिक कामाची पाहणी मागता येते, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. सिमेंटचं टवक पिशवीत घालून आणायला नको, रीतसर मिळतं.

कागद आले आणि आमची तोंडं उतरली. मंजुरी ६० मीटरची, पण जागेच्या वादामुळे काम ३८ मीटरवर थांबलेलं. मेजरमेंट बुकात ३८. बिलही ३८ मीटरचंच. फलक तेवढा कोणी बदलला नव्हता. म्हणजे ज्याच्यावर गावभर बोंब मारली ते काम कागदावर स्वच्छ होतं. तेव्हाच कोर्टात धावलो असतो, तर पहिल्याच तारखेला पंचायतीच्या वकिलाने ते एक पान दाखवलं असतं आणि आमचं दुकान बंद.

पण त्याच गठ्ठ्यात ओट्याचे कागद होते, जे आम्ही केवळ सोबत मागितले होते. मासळी सुकवायचा ओटा पूर्ण, दाखला झाला, बिल दिलं. जोडलेला फोटो बघून आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "अरे हा तर जुना ओटा! माझ्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी बांधलेला. ह्याच्या कोपऱ्याला मीच बारा वर्षं तारली पसरते." फोटो जुन्या ओट्याचा, बिल नव्या ओट्याचं. नवा ओटा जिथे असायला हवा तिथे वाळू आणि दोन कुत्री.

कागदाच्या बाहेरचा हा पुरावा, म्हणजे मावशींची आठवण, कोर्टात कसा न्यायचा हा वेगळा धडा. हायकोर्ट रिट याचिकेत साधारणपणे साक्षी घेत बसत नाही, कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर चालतं. एक म्हणतो ओटा आहे, दुसरा म्हणतो नाही, तर कोर्ट टेप घेऊन किनाऱ्यावर येणार नाही. म्हणून जागेचं चित्र आधीच सरकारी कागदात बसवावं लागतं. आम्ही गट विकास अधिकाऱ्यांकडे संयुक्त पाहणीची लेखी मागणी केली. पोच घेतली. उत्तर नाही. महिन्याने स्मरणपत्र, परत पोच. मग वरच्या कार्यालयाला प्रत. अडीच महिन्यांनी पाहणी झाली, पंचनामा झाला: "सदर ठिकाणी बांधकाम आढळले नाही." त्या पाच शब्दांसाठी आम्ही सात खेपा घातल्या. पण ते आता आमचे शब्द नाहीत, सरकारचे आहेत.

माहिती मिळालीच नाही तर? मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. विनाकारण माहिती दाबली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करायला लोक कंटाळतात आणि तिथेच बहुतेक प्रकरणं बुडतात. समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं.

ग्रामसभाही सोडू नका. रविवारी दुपारी झोप येते, कबूल. पण ग्रामसभेत उभं राहून हिशेब मागितला आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला, तर पुढे कोर्टात सांगता येतं की आम्ही आधी घरात विचारलं होतं. नुसतं ओरडून बाहेर आलात तर त्याची नोंद राहत नाही. प्रश्न लेखी द्या, दोन प्रती, एकीवर सही-शिक्का.

हे सगळं कशासाठी, तर हायकोर्टात जनहित याचिका घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न येतो, संबंधित अधिकाऱ्याकडे गेलात का? मुंबई हायकोर्टाचे जनहित याचिकेचे २०१० सालचे नियम आहेत, आपलं पर्वरीचं खंडपीठही त्यातच आलं. त्याप्रमाणे आधी निवेदन दिलं का, उत्तर काय आलं, स्वतःचा काही संबंध आहे का, हे शपथेवर सांगावं लागतं.

स्वतःचा संबंध हा भाग अवघड आहे, आणि आपल्या मंडळींनी तो नीट वाचावा. याचिका करणारा मागच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार असेल, किंवा ज्याचं टेंडर हुकलं तो ठेकेदार असेल, किंवा सरपंचांशी ज्याचा बांधाचा दावा चालू आहे असा माणूस असेल, तर चांगलं प्रकरणही वासाने खराब होतं. २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सांगितलं, की जनहित याचिका घेण्याआधी याचिका करणारा कोण आणि त्याचा हेतू काय हे बघा, मजकुरात प्रथमदर्शनी तथ्य आहे का ते बघा, आणि कोणी सूड किंवा स्वार्थासाठी आला असेल तर खर्च लावा. त्या प्रकरणात याचिका करणाऱ्यांवर एक लाख रुपये खर्च बसला. आपल्या सोसायटीत प्रत्येक पक्षाचे लोक आहेत, हे आपलं बळ आहे. याचिकेवर सही करायची वेळ आली तर वेगवेगळ्या वाड्यांतले, वेगवेगळ्या बाजूंचे चार जण हवेत. आणि हो, सोसायटीच्या नावाने जायचं तर आपला ठराव, आपलं ऑडिट, आपली दफ्तरं आधी स्वच्छ हवीत. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याला स्वतःचा दाखवावा लागतो.

उशीर हाही एक शत्रू. रिट याचिकेला कायद्याने ठरलेली मुदत नाही, पण पाच वर्षं गप्प बसून मग आलात तर कोर्ट विचारतं, इतके दिवस काय करत होता? तोवर ठेकेदार गेला, अधिकारी बदलला, कागद वाळवीने खाल्ले.

काही जण विचारतात, पोलिसांत का नाही? जाता येतं. खोटा दाखला, खोटं बिल हा गुन्हाच आहे, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचाही मार्ग आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मात्र भ्रष्टाचाराच्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशीला मुभा आहे, आणि सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाबद्दल २०१८ पासून चौकशीआधी वरची मंजुरी लागते. त्यात वेळ जातो. पोलिसांनी नोंदवलंच नाही तर सरळ हायकोर्टात न जाता आधी मॅजिस्ट्रेटकडे जायचं, हेही कोर्टांनी वारंवार सांगितलं आहे. आमच्या वकिलांचं मत असं, की पोलीस तक्रार आणि याचिका यांची मागणी वेगळी ठेवा. तक्रारीतून माणूस पकडला जातो, याचिकेतून काम आणि पैसा परत मागता येतो. तूर्त आपल्याला ओटा हवा आहे.

मागणी कशी लिहावी, ह्यावर आम्ही वकिलांशी बराच वाद घातला. आमच्या मसुद्यात "भ्रष्टाचाराची सखोल चौकशी करून दोषींना कठोर शासन" असं होतं. त्यांनी लाल रेघ मारली. त्यांनी लिहिलं ते असं: ओट्याच्या कामाची मूळ कागदपत्रं कोर्टापुढे आणावीत. ठरावीक आठवड्यांत सक्षम अधिकाऱ्याने चौकशी करून लेखी निर्णय द्यावा. न झालेल्या कामाची दिलेली रक्कम वसूल करण्याबाबत कायद्याप्रमाणे पाऊल उचलावं. तोवर त्याच कामाचं पुढचं बिल देऊ नये. वाचायला कोरडं वाटतं. पण ह्यातलं प्रत्येक वाक्य कोर्ट आदेशात उतरवू शकतं.

खर्चाची भीती असते. मार्केटमध्ये बसणाऱ्या बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, हायकोर्टासाठी तिथली वेगळी समिती आहे. ओट्याचं सगळ्यात जास्त नुकसान ज्यांचं झालं, त्याच ह्यात पुढे उभ्या राहू शकतात. वाळूत सुकवलेल्या मासळीला भाव कमी मिळतो, पावसाची एक सर आली की माल खराब, हे त्यांच्याइतकं प्रतिज्ञापत्रावर कोण सांगेल?

आणि कृपा करून व्हॉट्सॲप आवरा. सरपंचांच्या गटाराबद्दलचा तो मेसेज आठवा. बदनामी हा अजूनही गुन्हा आहे. उद्या आपण खऱ्या प्रकरणात कोर्टात उभे राहिलो, की समोरचा तोच मेसेज छापून जोडेल आणि म्हणेल, बघा, ह्यांचं वैर जुनं. आमच्यातल्या ज्यांनी तो पाठवला, त्यांनी सरपंचांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. सरपंचांनी चहा दिला. ओट्याच्या बाबतीत ते अजून काही बोलत नाहीत.

सध्या प्रकरण असं आहे. पंचनाम्यानंतर ठेकेदाराची माणसं एकदा येऊन वीट-वाळू टाकून गेली. म्हणजे आता उशिरा ओटा बांधून मिटवायचा बेत दिसतो. आमच्यात दोन मतं आहेत. एक म्हणतात, ओटा मिळाला की झालं, नारळी पौर्णिमेनंतर कोणाला वेळ आहे? दुसरे म्हणतात, आधी बिल आणि नंतर काम हे चालू दिलं, तर उद्या जेटीच्या दुरुस्तीत तेच होईल. दाखल्यावर सही कोणी केली आणि जुना फोटो कोणी लावला, ह्याचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही १५ दिवसांची मुदत देऊन शेवटचं निवेदन पाठवलं आहे, त्याची पोच फाइलमध्ये आहे.

मुदत संपल्यावरच्या रविवारी सोसायटीच्या कार्यालयात बैठक ठेवली आहे. याचिका करायची की नाही हा एकच विषय. माहिती हक्काच्या अर्जाचा नमुना, मेजरमेंट बुकची प्रत आणि पंचनामा तिथे टेबलावर ठेवलेला असेल. येताना ज्यांच्याकडे जुन्या ओट्याचे फोटो असतील, लग्नाचे, होडीच्या पूजेचे, कशाचेही, त्यांनी मागे तारीख लिहून घेऊन यावेत.